भांडवलाला निमंत्रण, भाडेकरूला निरोप

राज्य शासनाने मे 2025 मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे ब्रीद. दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी 2030 पर्यंत 35 लाख घरे आणि त्यासाठी 70,000 कोटी रुपयांची गुंतवणूक असा त्याचा पसारा आहे. घर हा अधिकार आहे, हे शासनाच्या तोंडून वदवून घेण्यासाठी समाजवादी चळवळीने कित्येक दशके मोर्चे काढले. तेव्हा ह्या ब्रीदाचे स्वागतच व्हावयास हवे. परंतु त्याखालचा साधा भागाकार करून पाहिला की उत्साह ओसरतो. एका घराच्या वाट्यास दोन लाख रुपये येतात. मुंबईची गोष्ट सोडाच, तालुक्याच्या गावीही दोन लाखांत पक्के घर उभे राहत नाही. मग उरलेली रक्कम कोठून येणार? उत्तर ठरलेले आहे: खासगी भांडवल आकर्षित करून!

भांडवल परोपकारासाठी येत नाही, परताव्यासाठी येते, हे धोरणकर्त्यांनाही ठाऊक आहे. हा परतावा तीनच ठिकाणांहून निघू शकतो. रहिवाशाच्या भाड्यातून वा हप्त्यातून, सरकारी तिजोरीतून, अथवा जमिनीच्या वाढत्या किमतीतून. चौथा मार्ग अर्थशास्त्राला माहीत नाही. 'आकर्षित करणे' ह्याचा अर्थ एवढाच की, ह्या तिघांपैकी कोणाच्या खिशात हात घालण्याची मुभा द्यावयाची, हे शासनाने ठरविणे.

मुंबईने हा प्रयोग दीर्घकाळ भोगला आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने कामगाराला छप्पर टिकवून दिले. पण गोठलेल्या भाड्यात मालकाने दुरुस्ती थांबविली, हे विरोधकांचे म्हणणे खोटे नाही. त्यावर 1969 साली उपाय निघाला तो सार्वजनिक स्वरूपाचा होता. इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला, मंडळ स्थापन झाले आणि बेट शहरातील 19,642 जुन्या इमारती त्याच्या कक्षेत आल्या. उपकराचा भार मुख्यत्वे भाडेकरूंनीच उचलला. तथापि दुरुस्तीच्या खर्चावर दर चौरस मीटरमागे मर्यादा घालण्यात आली आणि ती वाढत्या बांधकाम खर्चाच्या नेहमीच मागे राहिली. मर्यादा ओलांडली की भाडेकरूंनी पदरचे पैसे घालावेत, नाही तर संक्रमण शिबिराची वाट धरावी. ह्या शिबिरांत पिढी उलटली तरी मूळ जागी न परतलेली कुटुंबे आजही आहेत. म्हणजे सार्वजनिक दुरुस्तीची कल्पना फसली नाही. तिला उपाशी ठेवण्यात आले, आणि मग ती अशक्त आहे म्हणून बिल्डरला पाचारण करण्यात आले.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून वाढीव चटई क्षेत्र हे आमिष झाले. भाडेकरूंना फुकट घर, बिल्डरला विक्रीसाठी जादा मजले, सरकारला खर्च शून्य, असा हा त्रिवेणी लाभ सांगितला गेला. प्रत्यक्षात जेथे जमीन सोन्याच्या भावाची तेथे बिल्डर धावला. जेथे भाडेकरू दाट आणि विक्रीला उरणारी जागा थोडी, तेथे इमारती टेकूवर उभ्या राहिल्या. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, 672 कुटुंबांसाठी 2008 साली करार झाला. घरे पाडली गेली. नवी मात्र झाली नाहीत. 2018 मध्ये करार रद्द करून ते काम अखेर म्हाडाला हाती घ्यावे लागले. 1995 साली झोपडपट्टीवासीयांसाठी आठ लाख घरांचे आश्वासन देण्यात आले, तेही बिल्डरच्या नफ्याच्या भरवशावर. तीन दशके लोटली तरी निम्मा पल्लाही गाठलेला नाही.

आता ह्याच आमिषावर हिरवा रंग चढविला जात आहे. मुंबई महापालिकेच्या मार्च 2022 मधील हवामान कृती आराखड्याने 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट रास्त आहे. वाढत्या उष्म्याचा पहिला मारा पत्र्याखाली झोपणाऱ्या श्रमिकावरच होतो. परंतु ऊर्जाबचतीचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा? चाळीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सामाईक संडास आणि दहा बाय बाराची खोली कोणालाही नको आहे. तरीही जाड भिंती, आरपार वारा आणि मोकळी गॅलरी ह्यांमुळे तेथे दिवसा दिवा लावावा लागत नसे. तिच्या जागी येणारी पुनर्वसनाची इमारत शेजारच्या इमारतीला खेटून उभी राहते. अंधारे बोळ, दिवसरात्र चालणारे पंखे, लिफ्ट आणि पंप ह्यांचे वीजबिल धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या माथी येते. भक्कम इमारत दुरुस्त करण्यापेक्षा ती पाडून शंभर टक्के नवे सिमेंट आणि पोलाद वापरणे, ह्याला ऊर्जाबचत म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. दुरुस्तीतून विकाऊ मजले निघत नाहीत, म्हणून दुरुस्तीला भांडवल मिळत नाही; खरी मेख ही आहे.

दुरुस्ती केली तरी तिचा मोबदला कोण वसूल करतो, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर जर्मनीत पाहावे. तेथे घरमालकाने भिंतींना उष्णतारोधक आवरण घातले, खिडक्या बदलल्या, की त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा वार्षिक भाड्यात कायमचा चढविण्याची मुभा कायद्याने दिली. हा हिस्सा दीर्घकाळ 11 टक्के होता. असंतोष वाढल्यावर 2019 पासून तो 8 टक्के झाला आणि वाढीवर कमाल मर्यादाही आली. आठ टक्क्यांच्या दराने मूळ खर्च साडेबारा वर्षांत वसूल होतो. वाढलेले भाडे मात्र त्यानंतरही उतरत नाही. इंधनाची बचत भाडेवाढीपुढे थिटी पडली की भाडेकरू घर सोडतो आणि रिकाम्या घराला नवा, सधन भाडेकरू मिळतो. इमारत ऊबदार होते, परंतु जिच्यासाठी ऊब हवी होती ती म्हातारी उपनगरात गेलेली असते.

बर्लिन शहराचा अनुभव तर अधिक बोलका आहे. तिजोरीत खडखडाट म्हणून त्याने 2004 साली सुमारे 65,000 सार्वजनिक घरे खासगी निधींना 40.5 कोटी यूरोंना विकली. 2021 मध्ये त्याच शहराने सुमारे 14,750 घरे बड्या गृहकंपन्यांकडून 246 कोटी यूरोंना विकत घेतली. 2004 च्या व्यवहारात कंपनीचे कर्जही खरेदीदारांकडे गेले, हे जमेस धरले तरी घरे पावाहून कमी आणि किंमत सहापट, हा सौदा सार्वजनिक हिताचा होता असे कोण म्हणेल?

ह्याउलट व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने 1923 साली घरांवर प्रगतीशील कर बसविला. अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर ह्यांनी कामगाराच्या खोलीवर नाममात्र आणि श्रीमंतांच्या प्रासादांवर जबर आकारणी केली. त्या पैशातून 1934 पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. फेब्रुवारी 1934 मध्ये फॅसिस्ट राजवटीने कार्ल मार्क्स वसाहतीवर तोफा डागल्या. वसाहत मात्र आजही शहराच्या मालकीची आहे. व्हिएन्नाकडे आज सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत. त्यांच्या नूतनीकरणासाठी कोणाला आकर्षित करावे लागत नाही.

'सरकारकडे पैसा नाही' हा युक्तिवाद आता पुढे येईल. परंतु रखडलेल्या खासगी प्रकल्पांसाठी केंद्राच्या पुढाकाराने 2019 साली 25,000 कोटींचा 'स्वामीह' निधी उभा राहिला आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात 15,000 कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला. हप्ते भरून अडकलेल्या ग्राहकांची सुटका व्हावी, ह्याला विरोध नाही. परंतु बिल्डरचा प्रकल्प बुडाला तर पैसा निघतो आणि भाडेकरूची इमारत बुडाली तर निघत नाही, हे टंचाईचे लक्षण नसून वर्गीय पसंतीचे आहे.

समाजवाद्यांनी केवळ नकार देऊन भागणार नाही. स्वतःच्या चुकाही मान्य केल्या पाहिजेत. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात सवलतींची भगदाडे होती, आणि 2007 साली तो कायदा महाराष्ट्रात गुंडाळला जात असताना चळवळ पुरेशी उभी राहिली नाही. पण त्याच कायद्याच्या आधाराने मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशीला सुमारे सहा हजार घरे उभी केली, हेही विसरता कामा नये. आज काही गृहनिर्माण संस्था सहकारी बँकेच्या कर्जावर बिल्डरविना स्वयंपुनर्विकास करीत आहेत. जमीन संस्थेच्या मालकीची असलेल्या मध्यमवर्गाला ते साधते. भाडेकरूंना साधावयाचे तर जमीन प्रथम सार्वजनिक वा सहकारी मालकीत आली पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. खासगी पैसा घ्यावा तो ठरावीक व्याजाचे, ठरावीक मुदतीचे कर्ज म्हणून. जमीन वा विकाऊ मजल्यांचा हक्क त्याला देऊ नये. आलिशान सदनिकांवर चढता उपकर बसवावा आणि दुरुस्तीची मर्यादा बांधकाम खर्चाशी जोडावी. पाडण्याआधी दुरुस्तीचा पर्याय तपासून त्याचा अहवाल रहिवाशांच्या हाती द्यावा. विजेच्या बचतीचा लाभ रहिवाशालाच मिळावा; नूतनीकरणाच्या नावाखाली भाडेवाढ वा निष्कासन होऊ नये.

येत्या पावसाळ्यापूर्वी पुन्हा धोकादायक इमारतींची यादी लागेल आणि बिल्डरची माणसे संमतीपत्रे घेऊन जिने चढतील. त्यांच्याआधी पक्षाचा कार्यकर्ता त्या जिन्यावर पोहोचला पाहिजे. दुरुस्तीचा अंदाज किती, जमीन कोणाच्या नावे आणि परतावा कोणाच्या खिशातून, हे तीन प्रश्न लेखी विचारल्याशिवाय एकाही रहिवाशाने सही करू नये, एवढे त्याने प्रत्येक खोलीत सांगावे.