चितईच्या कोर्टात

बोरिवलीत झेरॉक्सच्या दुकानात परवा एक कुमाऊँनी गृहस्थ अर्ज लॅमिनेट करून घेत होते. गावाकडच्या जमिनीची फिर्याद. प्रतिवादी सख्खा भाऊ, न्यायाधीश गोलू देवता! अल्मोड्याजवळ चितईच्या देवळात असे अर्ज, काही चक्क स्टॅम्प पेपरवर, दोऱ्यांना लटकतात. काम झालं की घंटा बांधायची, अशा हजारो घंटा तिथे आहेत. रांगेतल्या मालवणी काकू फिस्सकन हसल्या. हसायचं काय त्यात? त्यांच्या आरवलीच्या वेतोबा देवालाही रात्री गावभर फिरून जुन्या झिजतात म्हणून हातभर लांब चामडी चपला वाहतातच की! मला तर मखरात बसून नुसती आरती ऐकणाऱ्या देवांपेक्षा हे गाऱ्हाणं ऐकणारे, पायपीट करणारे देवच अधिक पटतात. आमच्या लिफ्टच्या प्रकरणात सोसायटी कमिटीविरुद्धचा मसुदा मी तयार ठेवलाय.