रेडिएशनचा तिसरा आठवडा अवघड का असतो? उपचार मध्येच सोडले तर काय होतं?

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि डॉक्टर म्हणाले, 'आता 30 वेळा रेडिएशन घ्यावं लागेल.' तंबाखू-गुटख्यामुळे हे वाक्य ऐकावं लागलेली घरं महाराष्ट्रात कमी नाहीत. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, दुखेल का? मशीनवर असताना दुखत नाही. एक्स-रे काढताना जेवढं जाणवतं तेवढंच. खरा त्रास हळूहळू सुरू होतो, आणि त्याची आधी कल्पना नसेल तर काही पेशंट घाबरून गावी निघून जातात.

सुरुवात कशी होते?

थेट मशीनवर नेत नाहीत. आधी दात तपासतात. खराब दात असतील तर आत्ताच काढतात, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरायला त्रास होतो, हाडही खराब होऊ शकतं. मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क तयार होतो. डोकं रोज त्याच जागी स्थिर राहावं, एवढंच त्याचं काम. तो घालून सीटी स्कॅन होतो आणि किरण कुठून, किती द्यायचे हे ठरतं. यात काही दिवस जातात. उशीर होतोय म्हणून काळजी करू नका.

पुढे सोमवार ते शुक्रवार, रोज 10-15 मिनिटं, सहा आठवडे. खोलीत पेशंट एकटाच असतो, पण बाहेरून कॅमेऱ्यावर लक्ष असतं. अशा बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर अंगात किरण उरत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

मग त्रास कधी होतो?

पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंडात फोड येतात, चव जाते, लाळ चिकट होते, गिळताना घसा सोलल्यासारखा वाटतो. गालावरची त्वचा काळवंडते. केस गेले तर फक्त किरण पडतात तिथले, म्हणजे दाढीचे. तिखट बंद करून मऊ भात, पेज, अंडं, दूध चालतं. तेही जाईना तर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट आला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही, वजन टिकावं म्हणून ती असते.

चार दिवस विश्रांती घेतली तर?

इथेच घात होतो. उपचार सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. खंड पडला की त्यांना संधी मिळते. बुडालेले दिवस नंतर भरून काढले तरी नुकसान पूर्ण भरत नाही. त्रास असह्य झाला तर डॉक्टरांना सांगून औषध वाढवून घ्यावं.

अर्थात, खंड पडतो तो केवळ फोडांमुळे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, रेल्वेभाड्यात सवलत आहे, मुंबईत दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. पण पेशंटची आणि सोबतच्या माणसाची सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी हॉस्पिटलच्या बिलात दिसत नाही. हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा, पैसे संपल्यावर नको.

शेवटच्या दिवसानंतरही आठवडा-दोन आठवडे त्रास तसाच राहतो, मग फोड भरू लागतात. चव परतायला काही महिने जातात. तोंडाचा कोरडेपणा मात्र अनेकांचा कायम राहतो, म्हणून पाण्याची बाटली जवळ लागते.