गोषवारा कशाचा?

‘प्रस्तुत निबंधात सदर विषयावरील साहित्याचा सखोल व सर्वांगीण आढावा घेतला आहे.’ मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या वाक्याची ओळख करून देण्याची गरज नाही. ज्याला स्कोपिंग रिव्ह्यू म्हणतात त्या व्याप्ती-आढाव्याच्या गोषवाऱ्यात तर ते अक्षम्य आहे. असा आढावा कृतींचा दर्जा ठरवायला बसत नाही. एखाद्या विषयावर कुठे दाटी आहे आणि कुठे ओसाडी, याचा नकाशा काढतो. आर्क्सी आणि ओमॅली यांनी २००५ साली त्याची चौकट मांडली. २०१८ च्या प्रिझ्मा विस्ताराने निवडीचे निकष आणि धुंडाळलेले स्रोत गोषवाऱ्यातच सांगावेत, असे म्हटले. नकाशाला सीमा नसेल तर तो नकाशा कसला?

सोलापूरचेच घ्या. इथल्या विणकरांच्या जीवनावरील साहित्य, असा विषय कोणी निवडला. तेलंगणातून आलेल्या पद्मशालींनी माग चालवलेले हे शहर. मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड, उर्दू नांदते. अभ्यासकाने केवळ मराठी लेखन पाहिले असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. पण ते न सांगता ‘या विषयावर फारसे लेखन आढळत नाही’ असा निष्कर्ष गोषवाऱ्यात ठोकून देणे म्हणजे जे शोधलेच नाही त्याला नसलेले ठरवणे होय. पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा गोषवाराच लागतो. तो हे वाक्य उचलतो, मार्गदर्शक मान डोलावतो, आणि तेलुगूत कोणी काही लिहिले असेल तर ते शोधायला मग कोणी जातच नाही.

शब्दमर्यादेची सबब सांगू नये. ‘फक्त मराठी, १९६० ते २०२०, ग्रंथ आणि नियतकालिके, इतर भाषा पाहिलेल्या नाहीत.’ बारा शब्द झाले. किती नोंदी सापडल्या आणि किती ठेवल्या, याला आणखी एक ओळ. कात्री लावायचीच तर ‘सखोल’, ‘सर्वांगीण’, ‘मौलिक’ यांना लावा. विषयाच्या थोरवीचा परिच्छेदही खुशाल जाऊ द्या. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीने १८०० ते १९३७ ही सीमा आपल्या माथ्यावरच मिरवली. तिचा मान त्याने उणावला नाही.

साहित्य आकड्यांत मावत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. मग रसग्रहण लिहावे, आढावा म्हणू नये. परीक्षकांनी मात्र गोषवारा हाती येताच आधी विचारावे: तेलुगू, कन्नड पाहिले का? नसेल, तर तसे कोणत्या ओळीत लिहिले आहे?