पाठ केलेली वादळी रात्र

परवा शनिवारी सटनला ताईकडे गेलो होतो, पोह्यांच्या आशेने. पोहे मिळाले, पण बरोबर दहा वर्षांच्या भाच्याची वहीही हातात आली. "बघ रे जरा, तू काहीबाही लिहीत असतोस ना," ताई म्हणाली.

विषय होता 'समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस'. पोराने लिहिलं होतं: वादळी रात्र, कडाडणारी वीज, अंगावर सर्रकन आलेला काटा. समुद्र एकदम शेवटच्या दोन ओळींत, तोही नाइलाजाने. मी विचारलं, "अरे, विषय दिवसाचा आहे ना? मग रात्र कुठून आली?" तो शांतपणे म्हणाला, "मामा, वादळाची स्टोरी माझी पाठ आहे."

घ्या!

तर मंडळी, क्लासमध्ये तीन गोष्टी पाठ करून घेतल्यात. वादळ, जंगल आणि पडका वाडा. विषय कुठलाही येवो, तीनपैकी एक चिकटवायची. वर भारी शब्दांची यादी, डोळे-कान-नाक प्रत्येकाला एकेक वाक्य, दोन उपमा, आणि हे सगळं झालं की टिक मारायला चेकलिस्ट. आपण ऑफिसात जुना कोड उचलून व्हेरिएबलची नावं बदलतो ना, तस्सं. फक्त आपल्या कामाला कोणी 'क्रिएटिव्ह रायटिंग' म्हणत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही इंग्लंडमधली ११ प्लस परीक्षा. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर रुळलेली चाळणी. १९६५ नंतर बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली, तरी १६३ सरकारी ग्रामर शाळा उरल्या, आणि १९९८ च्या कायद्याने नवीन काढायला बंदी. म्हणजे जागा मोजक्या आणि रांग लांबच लांब. काही भागांत पेपर नुसता बहुपर्यायी असतो. इथल्या काही शाळांत मात्र पहिली फेरी पार केली की दुसऱ्या फेरीत लिहावं लागतं.

ताईला शिव्या घालणं सोपं आहे, पण तिचंही खोटं नाही. ग्रामर शाळेला फी नाही. खासगी शाळेची फी आधीच आवाक्याबाहेर, त्यावर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट. "तू लग्न कर, पोरं होऊ देत, मग मला शिकव," हा तिचा नेहमीचा बाण. गप्प बसलो.

आणि आपण तरी कोण लागून गेलो? शाळेत माझ्या प्रत्येक निबंधात झुंजूमुंजू व्हायचं आणि कोंबडा आरवायचा. राहायचो चिंचवडला, तिसऱ्या मजल्यावर. कोंबडा भेटायचा तो रविवारी, ताटात. गाइडमधला निबंध घोकला, मार्क पडले, इंजिनिअर झालो. आज क्लायंटला दोन ओळींचं मेल स्वतःच्या शब्दांत लिहायचं तर घाम फुटतो. तीच गाइड आपण आता पासपोर्टबरोबर इकडे घेऊन आलोय.

माझा मुद्दा साधा आहे. सराव कराच, पण सराव लिहिण्याचा हवा, लपवण्याचा नको. तपासणाऱ्याच्या टेबलावर पेपरांचा गठ्ठा असतो. त्यातलं दहावं वादळ वाचताना त्याला काय वाटत असेल? पण मार्क जाऊ देत. मोठं नुकसान वेगळंच आहे. मुलाला आपण सांगतोय की तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे घे, उसनं वापर.

मी वही मिटली आणि म्हटलं, "खरा समुद्र सांग. मागच्या वर्षी आजोबांबरोबर मुरुडला गेला होतास ना?"

पोरगं सुरू झालं. आजोबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्यांनी याचा हात इतका घट्ट धरला की दुखायला लागला. "मला वाटलं, मी पडेन म्हणून धरलाय. पण मामा, आजोबाच घाबरले होते. मग मी पण घट्ट धरला."

मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. मग म्हटलं, "हे लिही की!"

"हे नाही चालत. ह्यात वाव वर्ड्स नाहीयेत."

राग आला तो इथे. पोरावर नाही, आपल्या सगळ्यांवर.

माझ्यापरीने उपाय सांगतो, फुकट. आठवड्यातून दोनदा मुलाला आधी तोंडी सांगू द्या. मध्ये "मग काय झालं?" एवढंच विचारा. मग २५ मिनिटं घड्याळ लावून लिहू द्या. स्पेलिंग, परिच्छेद नंतर बघा. शब्द वाढवायचे तर पुस्तकं वाचू द्या, यादी नको.

भाच्याने संध्याकाळी ती गोष्ट लिहून काढली. स्पेलिंगच्या सात चुका, उपमा शून्य. ताईने उभ्याउभ्या वाचली, मग खुर्चीत बसून परत वाचली. "बाबा पाण्याला घाबरतात? मला कधी बोलले नाहीत." थोड्या वेळाने म्हणाली, "पण ह्याला मार्क पडतील का रे?"

माहीत नाही, ताई. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या पेपरात नसेल, एवढं नक्की.

असो. रात्री बाबांना फोन करायचाय.