दोन कुंड्या आणि दीड लाख बायका

दोस्तांनो, शाळेत तुम्ही हा प्रयोग केलाच असेल. दोन कुंड्यांत सारखीच माती, सारखंच बी. एक कुंडी उन्हात, दुसरी अंधारात. एकच कुंडी ठेवली असती, तर रोप उन्हामुळे वाढलं की आणखी कशामुळे, हे कसं कळलं असतं?

औषधांचं आणि तपासण्यांचंही असंच असतं बरं का! फक्त तिथे कुंड्या नसतात, माणसं असतात. म्हणून तर सगळं अवघड होतं.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १९९८ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. पण नेहमीची तपासणी म्हणजे प्रयोगशाळा आली, तज्ज्ञ आले, खर्च आला. यांनी वापरलं काय, तर व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक ॲसिड, पातळ केलेलं! ते लावून मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढा भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या कोण? साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या, पण खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया.

३५ ते ६४ वयाच्या सुमारे १,५०,००० स्त्रिया यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी. उरलेल्या वस्त्यांत आजाराची माहिती दिली, तपासणी नाही. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

“मग दुसऱ्या गटातल्या बायकांचं काय?” आलं ना मनात? हाच प्रश्न जाणकारांनीही विचारला आणि त्यावर वादही झाला. चाचणी करणाऱ्यांचं म्हणणं असं, की तेव्हा देशात अशी तपासणी सर्रास होतच नव्हती, आणि तुलनेशिवाय तिचा उपयोग सिद्ध झाला नसता. तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना घरात विषय काढाच.

चाचणी म्हटलं की मोठी माणसं घाबरतात. “आमच्यावर प्रयोग करताहेत!” म्हणतात. पण आज भारतात अशा चाचणीला आधी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. सगळी माहिती समजावून, संमती घ्यावी लागते. “नाही” म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. मधूनच बाहेरही पडता येतं. आणि पेशंट सात वर्षांहून मोठं मूल असेल, तर आईबाबांच्या सहीबरोबर त्या मुलाचाही होकार विचारतात!

तेव्हा आजीच्या किंवा काकांच्या हातात कधी असा कागद आला, तर तो त्यांना सावकाश वाचून दाखवा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला सांगा: यातून काय शोधायचं आहे? धोका कोणता? आम्ही नको म्हटलं तर काय? उत्तरं पटली, तरच सही.

एवढं काम तुम्हाला नक्की जमेल, हो ना?