नगरच्या किल्ल्यातील बारा कैदी आणि आपण टाळलेला प्रश्न

१/ अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याविषयी लिहिताना दोन गोष्टींचा गौरव हमखास होतो : चाँदबिबीने मोगलांशी दिलेली झुंज आणि नेहरूंनी येथील बंदिवासात लिहिलेला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ. दोन्ही गौरव रास्त आहेत. परंतु दुसऱ्या गौरवाआड एक अडचणीचा प्रश्न आपण झाकून ठेवला आहे. हा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/ ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव यांच्यासह बारा नेते या किल्ल्यात ठेवण्यात आले. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. भारत संरक्षण नियमांखालील स्थानबद्धतेचा आदेश, एवढाच आधार.

३/ एप्रिल १९४३. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात मृत्युशय्येवर होत्या. सरकारपुढे सवलतीसाठी हात पसरणे आझादांना मान्य नव्हते. पतिपत्नींची अखेरची भेट झालीच नाही. ज्याच्यावर एकही गुन्हा शाबीत झाला नव्हता, अशा माणसाची ही हकीकत आहे.

४/ त्याच महिन्यात केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा तो नियम अवैध ठरवला. काही दिवसांतच व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तो पूर्वलक्षी प्रभावाने वैध केला. न्यायालयाने दार उघडले आणि सत्तेने कुलूप बदलले.

५/ येथवरची कथा सांगणे सोपे आहे, कारण तीत खलनायक परका आहे. आता पुढची. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. महिना उलटण्याच्या आतच संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत केला. पंतप्रधान नेहरू, गृहमंत्री पटेल, शिक्षणमंत्री आझाद. तिघेही या किल्ल्यातील माजी कैदी.

६/ त्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, तेलंगणात सशस्त्र संघर्ष सुरू होता. संकट खरे होते. पण १९४२ च्या इंग्रज सरकारपुढेही युद्धाचे खरे संकट होते. संकट नाही असे कोणतीही सत्ता कधीच म्हणत नाही. एका वर्षासाठी आणलेला तो कायदा मुदतवाढी घेत १९६९ पर्यंत टिकला.

७/ पुढे १९७१ मध्ये ‘मिसा’ आला आणि आणीबाणीत त्याचा वरवंटा फिरला. तेव्हा पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. त्यांनी स्वतः १९४२ मध्ये तुरुंग पाहिला होता. तुरुंगाचा अनुभव माणसाला स्वातंत्र्याचा रखवालदार बनवतो, ही आपली समजूत भाबडी आहे. सत्तेचे आसन मिळाले की तीच भिंत पलीकडच्या बाजूने दिसू लागते.

८/ हा इतिहास संपलेला नाही. घटनेच्या अनुच्छेद २२ नुसार स्थानबद्ध व्यक्तीला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा किंवा वकिलामार्फत बचाव करण्याचा मूलभूत हक्क नाही. महाराष्ट्राचा १९८१ चा ‘एमपीडीए’ कायदा याच पायावर उभा आहे. त्याखाली एखाद्याला खटल्याविना एक वर्षापर्यंत डांबता येते. ‘अमुक इसम स्थानबद्ध’ ही बातमी आपण वृत्तपत्रात वाचतो आणि समाधानाने पान उलटतो.

९/ आक्षेप ठाऊक आहे : “गुंडांसाठी आणि वाळूतस्करांसाठी गळा कशाला काढायचा?” गळा त्यांच्यासाठी नाही. गुन्हा घडला असेल तर खटला चालवा, पुरावा मांडा, शिक्षा द्या. तपासातील उणीव नागरिकाच्या स्वातंत्र्यातून भरून काढू नका. सल्लागार मंडळ असते, हे खरे. पण बंद दाराआडची तपासणी म्हणजे खुला खटला नव्हे. आणि ‘धोकादायक’ कोण, हे ठरवणारी लेखणी आज ज्याच्या हाती आहे, उद्याही त्याच्याच हाती राहील याची हमी कोण देणार? १९४२ मध्ये त्या लेखणीने नेहरूंना धोकादायक ठरवले होते.

१०/ सत्ताधारी सज्जन आहेत, एवढ्यावर व्यक्तीचे स्वातंत्र्य तगत नाही. सज्जनालाही ओलांडता येणार नाही अशी मर्यादा लागते. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. नेहरूंची खोली जतन केलेली आहे. कधी तेथे गेलात तर ग्रंथाला अवश्य नमस्कार करा. मग स्वतःला एवढेच विचारा : हा माणूस कोणत्या अधिकाराने येथे कोंडला गेला होता, आणि तो अधिकार आपण खरोखर मोडीत काढला का?