भिंत पाडण्याआधी कागद घ्या

घर पहावे बांधून, ही म्हण जुनी झाली. आता जुने घर पहावे दुरुस्त करून, असे म्हणायची वेळ आली आहे. कोल्हार-भगवतीपूर आणि प्रवराकाठच्या गावांत उसाचे पेमेंट हातात पडले की नजर जाते ती वाडवडिलांच्या धाब्याच्या घराकडे. गवंड्याला बोलावणे जाते, 'ही भिंत काढा, इथं स्लॅब टाका' असे तोंडी ठरते आणि दुसऱ्या दिवशी पहार लागते. नकाशा नाही, अंदाजपत्रक नाही. आमचे म्हणणे असे, की खर्चाचा पहिला पैसा सिमेंटला नव्हे, कागदाला गेला पाहिजे.

कारण साधे आहे. धाब्याच्या अनेक घरांत माळवदाचे ओझे लाकडी खांब आणि तुळया पेलतात. दगड-मातीची भिंत जाड दिसली तरी ती आडोशापुरती. खांब काढून स्लॅब त्या भिंतीवर टेकवला, तर तिने कधी न उचललेले ओझे तिच्यावर येते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तो धडा फक्त लातूर-धाराशिवचा नाही. आपली काळी माती तर पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. जुन्या भिंतीला नवी खोली चिकटवली की दोन्हींचा पाया वेगवेगळा खचतो आणि जोडावर तडा जातो. मग गवंड्याच्या नावाने बोटे मोडायची!

मग करायचे काय? आधी आहे त्या घराची फुटपट्टीने मापे घ्या. खांब कुठे, भिंत किती जाड, ओल कुठून येते, हे लिहा. मग घरातली सगळी माणसे बसवून गरजा मांडा. चूल-गॅस कुठे हवा हे घरच्या बाईला विचारा, न्हाणी-संडास म्हाताऱ्यांना रात्री जवळ पडेल का ते बघा. धान्याची पोती आणि गुरांची वाटही विसरू नका. अंगणात फक्कीने खोल्या आखून त्यात चालून पहा. कागदावरची दहा बाय दहाची खोली खाट टाकल्यावर केवढी उरते, ते तिथेच कळते. यानंतर इंजिनिअरला दाखवून नकाशा आणि बाबवार अंदाजपत्रक करून घ्या. पैसा कमी असेल तर कामाचे टप्पे पाडा, पण नकाशा पूर्ण घराचाच असू द्या. गवंड्याशी दर, माल कोणाचा आणि पैसे कोणत्या टप्प्याला, हे लेखी ठरवा. थोडी रक्कम काम संपेपर्यंत हातात ठेवा.

गावकारभाऱ्यांनाही दोन शब्द. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ मध्ये बांधकामाच्या परवानगीची तरतूद आहे. ती केवळ शिक्क्यापुरती राहू नये. अर्जासोबत जुन्या आणि नव्या घराचा नकाशा मागा. नमुना आठवर नोंद बरोबर लागेल, भाऊबंदकीत हद्दीचा वादही कमी होईल. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी सुरू झाली. जिथे मिळकतपत्रिका हाती आली आहे, तिथे तिच्याशी मापे ताडून पहा.

नांगरट करण्याआधी आपण वाफसा बघतो. घराला हात लावण्याआधी तेवढा धीर धरायला काय हरकत आहे?